पौष शुद्ध अष्टमी

आमच्या कुलवृत्तान्तात सातव्या पिढीतल्या एका नावापुढे तीनच शब्द आहेत : पानिपतावर गत, निसंतान. वहीचं ते पान वडिलांनी मला पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा त्यांचं बोट त्या ओळीवर बराच वेळ थांबलं होतं.

पानिपतच्या लढाईची तारीख आपण १४ जानेवारी १७६१ म्हणतो आणि मनात संक्रांत जोडतो. त्या वर्षी संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. त्या बुधवारी होती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तारीख इतिहासाची, पण श्राद्ध तिथीला होतं. म्हणून मी अष्टमी शोधतो.

अडचण पुढेच आहे. श्राद्धात नावं तीनच पिढ्यांची : पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. सातव्या पिढीतला निपुत्रिक माणूस या चौकटीत कुठेच बसत नाही. मग माझं त्याला काही देणं उरतं का? मला वाटतं, उरतं. रक्त पातळ होतं, ऋण होत नाही. शास्त्रानेही वाट ठेवली आहे : शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी, आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड.

त्या रणात लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायका, बाजारबुणगेही होते. त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. गेली अकरा वर्षं भाद्रपद वद्य चतुर्दशीला मी आमच्या पूर्वजाचं नाव घेऊन तीळ-पाणी सोडतो. दुसरी ओंजळ त्या बिननावाच्या माणसांसाठी. तुमच्या घरच्या वहीत असं एखादं नाव असेल, तर यंदा ते मोठ्याने उच्चारा.