फरदड

गेल्या दिवाळीत दारव्ह्याला घरी गेलो, तेव्हा बाबांच्या कॉम्प्युटरवर एक सूचना येऊन थांबली होती. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, असं ती सांगत होती. बाबा रोज सकाळी ती बंद करत आणि आपल्या कामाला लागत. मी म्हटलं, आता हे बदलावं लागेल. ते म्हणाले, "चालते नं? मंग कायले हात लावतं त्याले?"

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या प्रश्नाचं उत्तर मला पाठ असायला हवं होतं. ते तसं नाही, हे त्या चार दिवसांत कळलं.

तो डेस्कटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. आला तेव्हा त्यात विंडोज ७ होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष संपवून आलो आणि कोणाला न विचारता त्यावर विंडोज १० चढवलं. तेव्हा ते फुकट मिळत होतं. त्यानंतरचा आठवडा बाबांनी हरवलेला प्रिंटर शोधण्यात घालवला. विंडोज ११ मात्र या यंत्रावर अधिकृतपणे चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे 'अपग्रेड करावं का' असं विचारलं, तरी खरा प्रश्न 'चालता डबा टाकून द्यावा का' हा होता.

बाबांच्या हिशेबात वस्तू झिजून जुनी होते. विळ्याची धार जाते, सायकलची चेन सैल पडते. या कॉम्प्युटरचं तसं काहीच झालेलं नव्हतं. १३ ऑक्टोबरच्या रात्री तो जसा होता, तसाच १५ च्या सकाळी होता. बदललं ते त्याच्या बाहेरचं. त्या सिस्टिममध्ये यापुढे जी भोकं सापडतील, ती बुजवायला आपसूक कोणी येणार नव्हतं. वस्तू स्वतः तसूभरही न बदलता जुनी होऊ शकते, याची आम्हाला सवय झाली आहे. पण ही गोष्ट मुळात विचित्र आहे, आणि ज्याला ती विचित्र वाटते तो माणूस अडाणी नसतो.

बाबांचं आणखी एक कारण होतं. २००८ पासून ते एक वही टाइप करताहेत: पाऊस कधी आला, कापूस किती निघाला, शाळेत काय घडलं. ती एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. युनिकोड अंगवळणी पडण्याआधीच्या अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट नसेल, तर 'पाऊस' ऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण मी करून पाहिलं तेव्हा रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. सतरा वर्षांच्या नोंदी ज्या यंत्रावर नीट वाचता येतात, ते यंत्र कोण हलवू देईल?

इथपर्यंत मी बाबांच्याच बाजूला होतो. यंत्र त्यांचं, वही त्यांची, धोकाही त्यांचाच. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला आपला धोका आपण निवडण्याचा अधिकार आहे. मग मी डाउनलोडचं फोल्डर उघडलं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गल्लीतले लोक त्यांच्याकडे सातबारा काढायला येतात, पीक विम्याची पावती छापायला येतात, पीएम-किसानचा हप्ता आला का ते पाहायला येतात. गुरुजी पैसे घेत नाहीत. लोक आपला फोन त्यांच्यापुढे ठेवतात, ओटीपी आला की मोठ्याने वाचून दाखवतात. फोल्डरमध्ये दोनशेच्या वर फाइली होत्या. आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, जमिनीचे उतारे. यातल्या कोणालाही १४ ऑक्टोबरचं काही माहीत नव्हतं. धोका पत्करला होता बाबांनी, तोही नकळत. तो भोगणारे मात्र दुसरेच होते.

हा धोका नुसता पुस्तकी नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती काढली. ज्यांनी ती चढवली नव्हती, त्यांच्या यंत्रांतून १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला आणि इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली. २७ जूनला नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला, आणि पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक तेच भोक होतं. त्यात आपल्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. कुठल्या तरी कार्यालयातलं 'चालतंय ना' म्हणून ठेवलेलं यंत्र त्या कार्यालयापुरतं राहत नाही, हे त्या दोन महिन्यांत दिसलं.

त्याच वर्षीच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याला गुलाबी बोंडअळीने गाठलं. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, आणि अळी दोन्हींना पुरून उरली. वरून निरोगी दिसणारी बोंडं आतून किडलेली निघाली. फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात माणसं दगावली तेही त्याच हंगामात. त्यानंतर कृषी विभागाने जे वारंवार बजावलं, त्यात एक वाक्य कायम होतं: फरदड घेऊ नका.

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस. डिसेंबरपर्यंत वेचण्या उरकतात. त्यानंतर पराटीला एक-दोन पाणी आणि थोडं खत दिलं, की ती पुन्हा फुटते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आणखी थोडा कापूस देते. बियाण्याचा, मशागतीचा खर्च आधीच झालेला असतो, त्यामुळे हा कापूस जवळजवळ फुकटचा वाटतो. पण गुलाबी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. मधले काही महिने तिला हिरवं बोंड मिळालं नाही, तर तिची साखळी तुटते. फरदड ती साखळी तुटू देत नाही. पुढच्या हंगामात अळी उठते आणि तिला धुरा कळत नाही.

२०१८ च्या जानेवारीत बाबा आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या वावराच्या मालकाशी याच गोष्टीवरून भांडले होते. मी त्यांना ते आठवून दिलं. म्हटलं, बाबा, तुमचा कॉम्प्युटर ही फरदड आहे. तुम्हाला ती फुकटची वाटते, आणि अळी जाते दुसऱ्याच्या वावरात.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

मग म्हणाले, "तेव्हा मी धुऱ्यावर उभा राहून भाषण देलं. तो म्हणे, गुरुजी, उपटतो पराटी, पन पेरू काय? हरभऱ्याचं बियाणं कोन देईन? हिले दोन पाणी देले का चार पैसे तरी हाती येते. मले काही सांगता नाही आलं. माही पेन्शन चालू होती. तुयं बी तसंच हाये. उपटाले सांगतं, पेराले काय देतं?"

या प्रश्नाने माझी तुलना मोडली नाही, उलट पुरी केली. मी फक्त फरदड घेणारा पाहिला होता, उपटायला सांगणारा पाहिलाच नव्हता.

अर्थात कपाशी आणि कॉम्प्युटर यांत एक मोठा फरक आहे. अळीचं चक्र निसर्गाने ठरवलं, १४ ऑक्टोबर कंपनीने. कंपनीची बाजूही खोटी नाही. २०१५ चं सॉफ्टवेअर तिने दहा वर्षं सांभाळलं, आणि सांभाळायला माणसं लागतात. पण २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरल्यावर तिने विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली होती. एक्सपीचा आधार २०१४ मध्येच संपला होता. म्हणजे परक्याचं जुनं यंत्र हा सगळ्यांचाच प्रश्न आहे, हे तिलाही ठाऊक आहे. या खेपेलाही घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. फरदडीला आणखी एक पाणी. पुढच्या दिवाळीत प्रश्न तिथेच उभा.

आणि कंपनीवर बोट दाखवताना मला माझं ऑफिस आठवलं. वर्षभरापूर्वी आम्ही आमचं ॲप जुन्या फोनांवर चालवणं बंद केलं. बैठकीत एक आलेख होता आणि त्यात जुन्या फोनांची एक पातळ पट्टी होती. ती काढली की आमचं काम हलकं होणार होतं. हो म्हणणाऱ्यांत मी होतो. त्या पट्टीत कोण आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. 'त्यांनी फोन बदलावा' हे वाक्य त्या खोलीत कोणाला कठोर वाटलं नाही, कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाला फोन बदलता येत होता.

मग बाबा सुटले का? नाही. इथेच मला वाटतं आपण फसतो. जबाबदारी अन्यायाने गळ्यात पडली, की ती जबाबदारीच नाही असं म्हणावंसं वाटतं. पण शेजाऱ्याकडे हरभऱ्याचं बियाणं नव्हतं म्हणून अळी थांबली नाही. तारीख कोणीही ठरवली असो, गल्लीतल्या लोकांचं आधार बाबांच्या फोल्डरमध्ये उघडं पडलं होतं. स्वतःच्या वहीपुरता हट्ट बाबांनी खुशाल करावा, दुसऱ्याच्या पासबुकावर तो करता येत नाही. आणि याला जोडूनच दुसरं बंधन येतं. जो उपटायला सांगतो, त्याने पेरायला द्यावं, आणि उगवेपर्यंत राखणही करावी. पहिलं बंधन बाबांचं, दुसरं माझं. दुसऱ्याने आपलं पाळलं नाही, म्हणून आपलं माफ होत नाही.

यवतमाळहून २४० जीबीची एसएसडी आणली. तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे आणि त्या जुन्या प्रोसेसरवर बरं चालतं. इंटरनेट, सातबारा, विमा, सगळं आता तिथून. जुनी डिस्क काढली नाही. त्यातल्या विंडोजचं इंटरनेट बंद केलं आणि वहीची एक प्रत वेगळी ठेवली. यंत्र सुरू करताना बाबा निवडतात: वही की लोकांचं काम. फरदड आहे, पण आता तिच्याभोवती दुसऱ्याचं वावर नाही.

दोनशे फाइली मी एका झटक्यात पुसणार होतो. बाबांनी थांबवलं. प्रत्येक उघडून पाहिली, ज्यांचे कागद अजून लागणार होते त्यांना बोलावून छापून हातात दिले, आणि मग पुसली. दोन दिवस लागले. मला ते काम तांत्रिक वाटलं होतं. त्यांनी ते ठेव परत केल्यासारखं केलं.

त्यानंतर जवळजवळ दर रविवारी फोन येतो. कधी प्रिंटर दोन पानं सोडून तिसरं छापतो, कधी मराठी कीबोर्ड नाहीसा होतो. परवा मी जरा वैतागलो, म्हटलं, बाबा, सांगितलं होतं ना मागच्या वेळी. पलीकडे शांतता. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो: खाली डाव्या कोपऱ्यात बघा, तिथे एक हिरवं चिन्ह आहे.