पेन्शन : उपकार की हक्क?

पेन्शन म्हणजे धन्याने चाकरावर केलेला उपकार, असे पुष्कळांस वाटते; परंतु तो समज बरोबर नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात असा निवाडा दिला की, पेन्शन ही धन्याच्या मर्जीवरची देणगी नव्हे, तर केलेल्या सेवेबद्दलचा हक्क होय.

हे तत्त्व मनात धरून वाचकांनी मुळशी तालुक्यातील लवळ्यासारख्या गावाकडे पाहावे. तेथे तीन प्रकारचे कष्टकरी शेजारी नांदतात. पहिला सरकारी शाळेचा मास्तर. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीस लागलेल्यास पूर्ण सेवेअंती अखेरच्या पगाराच्या निम्मे मिळते. पुढे ती रीत बंद होऊन वर्गणीची योजना आली; म्हणूनच मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला. दुसरा पिरंगुटच्या कारखान्यात राबलेला कामगार. त्याच्याकरिता १९९५ ची योजना आहे. तिची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली. तिसरी दुसऱ्याच्या खाचरात भात लावणारी मजूर बाई. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. ती निराधार ठरली, तरच पासष्टीनंतर तिला श्रावणबाळ योजनेतून साह्य मिळते. ते २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले. हक्काची किमान रक्कम दानाहून उणी, हे नवल नव्हे काय?

कोणी म्हणेल, मास्तराशी सरकारचा करार आहे; मजूर बाईचा सरकार धनी नव्हे. हे खरे. परंतु तिच्यापुढे करार ठेवला तरी कोणी? तिने लावलेला भात मास्तरानेही खाल्ला. आणि साबण व तेल घेताना ती जो कर भरते, तोही त्याच खजिन्यात जातो, ज्यातून त्याची पेन्शन निघते. श्रम हेच हक्काचे मूळ असेल, तर तो हक्क हजेरीपटाच्या कडेशी येऊन थांबावा, ह्यास आम्हांस न्याय्य कारण दिसत नाही.

मास्तराचे काढून बाईस द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. दिलेले वचन पाळलेच पाहिजे. परंतु जो आपल्या हक्कासाठी संप करू शकतो, त्याने संप करू न शकणाऱ्या शेजारणीचीही बाजू मांडावी. निदान तिच्या वयाचा दाखला मिळवून, तिचा अर्ज लिहून, तिच्यासोबत पौडच्या तहसील कचेरीत जावे. एवढ्याने न्याय पुरा होणार नाही. तरी त्याचा आरंभ होईल.