उरलं ते किती!



तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात, काचेआड ताडपत्रं दिसतात. बोटभर रुंद, कडा तपकिरी, दोरी ओवायला भोक पाडलेली.

१७९९ मध्ये इथल्या सरफोजीराजांचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. उरला फक्त किल्ला. पण उरलं ते किती! राजे पोथ्या जमवत राहिले. काशीयात्रेतूनही पोथ्या आणल्या. एवढं गमावलेला माणूस ग्रंथ गोळा करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असं मन पाहिलं की चीनमधला प्राचीन तत्त्वज्ञ लाओत्से आठवतो; त्याने तृप्तीलाच श्रीमंती मानलं. हाव गेलेलं मोजते. तृप्त माणूस म्हणतो, उरलं ते किती!

राजांचा तो मुलूख आज ना राजांचा, ना कंपनीचा. ताडपत्रं मात्र आहेत. अभ्यासक अजून ती वाचायला येतात.

श्रोतेहो, आज घरातलं एक जुनं पुस्तक काढा. धूळ पुसा. कुणाला तरी वाचायला द्या.