गर्दीचा आवाज आणि पिलाताचे हात



झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो तेव्हा जमावाची वाक्ये आपल्या वाट्याला येतात. हातातली झावळी अजून हिरवी असते आणि त्याला क्रुसावर द्या, असे आपणच मोठ्याने म्हणतो. ते म्हणताना आपल्यापैकी अनेकांना अवघडल्यासारखे होते. व्हायलाच हवे.

येशूच्या ठायी दोष नाही हे पिलाताने तीनदा बोलून दाखवल्याचे संत लूक सांगतो. पत्नीनेही निरोप धाडून त्याला सावध केले होते. म्हणजे योग्य काय हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण समोर गर्दी होती आणि पाठीमागे कैसराचा धाक. लोकांना खूश करण्यासाठी त्याने बरब्बाला सोडले, असे संत मार्क स्पष्टच लिहितो. खुर्ची वाचली. मग पाणी मागवून त्याने हात धुतले.

कोणी विचारील, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने लोकांचे ऐकायचे नाही तर कोणाचे? प्रश्न रास्त आहे. आम्हालाच सारे कळते, असे म्हणणारे हुकूमशहाही जगाने पाहिले आहेत. म्हणून एक घटना आपण आठवू या.

मार्च १९८१. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. फ्रान्स्वा मित्तेराँ या उमेदवाराला दूरचित्रवाणीवर मृत्युदंडाविषयी विचारण्यात आले. बहुसंख्य लोकांना ही शिक्षा हवी होती. गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. परंतु आपली सदसद्विवेकबुद्धी मृत्युदंडाच्या विरोधात आहे, असे त्यांनी सांगून टाकले आणि बहुमत आपल्यासारखा विचार करत नाही हेही कबूल केले. मे महिन्यात त्याच लोकांनी त्यांना निवडून दिले! त्यांचे न्यायमंत्री रॉबेर बादिंतेर हे वकील होते. स्वतः खून न केलेल्या आपल्या एका अशिलाचा शिरच्छेद त्यांनी १९७२ साली पाहिला होता. त्यांनी मांडलेले विधेयक सप्टेंबरमध्ये लोकप्रतिनिधींच्या सभागृहात ३६३ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाले आणि ९ ऑक्टोबर १९८१ रोजी कायदा झाला.

मतदारांपासून काही लपवले नव्हते, हे आपण विसरू नये. लोकांना न आवडणारी गोष्ट मते मागतानाच सांगितली गेली. (आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण तरी तेव्हा इतकी स्पष्ट कुठे होती? मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात केला तो २०१८ साली.)

आता आपल्या दाराशी येऊ. उमेदवार मते मागायला येतो तेव्हा आपण त्याच्याजवळ काय मागतो? आपल्या वाढीव बांधकामाकडे काणाडोळा, मंडळाला देणगी, पोराला चिकटवून देणे. खाजणात भराव घालू न देणारा अधिकारी आपल्याला नकोसा होतो. त्याची बदली व्हावी म्हणून सह्यासुद्धा आपण करतो. पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरले की मग सरकार झोपले होते काय, असे विचारायला आपणच पुढे. जो आपल्या तोंडावर 'नाही, हे चुकीचे आहे' म्हणेल, त्याला आपण मत देऊ काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यातल्या फार थोड्यांनी दिले असेल.

श्रद्धेचा अंगीकार करताना प्रभूखेरीज दोनच व्यक्तींची नावे आपल्या ओठांवर येतात. एक पवित्र मरियामातेचे, दुसरे पिलाताचे. त्या सकाळी अंगणात उभे राहून ओरडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र शुभवर्तमानात नोंदलेले नाही. त्यांची वाक्ये येत्या झावळ्यांच्या रविवारी पुन्हा आपणच म्हणणार आहोत.