ठरवून घडवलेल्या गाण्याचा खरेपणा

ऐकणाऱ्याच्या मनावर काय परिणाम व्हावा हे आधी ठरवून रचलेले गाणे खरी कला म्हणता येईल का? इंग्रज तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांनी १९३८ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ या ग्रंथात याला नकार दिला. ठरलेला परिणाम साधणे ही कारागिरी. कलावंताला आपली भावना नेमकी कोणती, हे ती व्यक्त करता करताच उमगते, असे त्यांचे म्हणणे.

या मताची कठोर परीक्षा डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने घेतली. १९५९ मध्ये ती काढणारे बेरी गॉर्डी पूर्वी मोटार कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला होते आणि गाणीही त्याच शिस्तीने तयार व्हावीत, असा त्यांचा आग्रह होता. कोणती रेकॉर्ड बाजारात जाणार, हे बैठकीत मत घेऊन ठरे. ब्रायन हॉलंड, लॅमाँट डोझियर आणि एडी हॉलंड हे त्रिकूट इथलेच. चाल आणि ध्वनिमुद्रण मुख्यतः ब्रायन व डोझियर पाहत, शब्द एडी लिहीत. कंपनीच्या ‘द सुप्रीम्स’ या गायिकांच्या गटाची १२ गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, त्यांतली १० या तिघांची.

१९६६ मध्ये ‘फोर टॉप्स’ या गायकगटासाठी ‘रीच आउट आय’ल बी देअर’ रचताना त्यांनी गटाचे मुख्य गायक लीव्हाय स्टब्स यांच्या गळ्याला जेमतेम पेलेल अशी वरची पट्टी मुद्दाम निवडली. आवाजावर ताण यावा, हाच हेतू. कॉलिंगवुड यांच्या व्याख्येत ही निव्वळ कारागिरी. तरीही त्या आवाजातली कळकळ खोटी नाही. पट्टी लेखकांनी ठरवली, पण तिथवर पोचण्याची धडपड स्टब्स यांना स्वतःच करावी लागली, आणि ती कागदावर आधी लिहून ठेवता येत नाही.

कॉलिंगवुड यांचाच एक विचार इथे उपयोगी पडतो, आणि तो सहसा विसरला जातो. ग्रंथाच्या अखेरीस ते सांगतात की कलाकृती एकट्याची मालमत्ता नसते. रचणारा, सादर करणारा आणि श्रोता मिळून ती पुरी करतात. हे पटले, तर भावना एकाच मनात शोधण्याचे कारण उरत नाही. मात्र मग श्रेयही वाटावे लागते. या गाण्यांना ताल आणि बास देणाऱ्या ‘फंक ब्रदर्स’ या वादकांची नावे वर्षानुवर्षे रेकॉर्डवर छापली गेली नाहीत. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती आली. खुद्द लेखक त्रिकूटही पैशांच्या वादातून १९६० च्या दशकाअखेर कंपनीपासून दुरावले आणि प्रकरण न्यायालयात गेले.