टाकीखालची माती

स्वस्थ बसा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. पाय जमिनीला टेकू द्या आणि लक्ष हळूहळू तळव्यांखाली न्या. फरशीखाली, पायाखाली, मातीत. घाई नको.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या परिसरातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. 1950-60च्या सुमाराला बांधलेलं, पुढे हिरवळ, आसपास दोन-चार मराठी कुटुंबं. असं घर घेण्याच्या बेतात तुमची भाची असेल, मुलगा असेल, तुम्ही स्वतः असाल. आज ते गॅसवर तापतं. बांधलं तेव्हा मात्र हिवाळा हीटिंग ऑइलवर निघायचा, आणि ते तेल अंगणात पुरलेल्या पोलादी टाकीत असायचं. 550 गॅलन, म्हणजे दोन हजार लिटरांच्या वर, हे नेहमीचं एक माप. गॅसची लाइन आली, टाकी तिथेच राहिली. मधल्या काळात घराचे मालक बदलले, टाकीचं नाव कुणी काढलं नाही.

त्या टाकीपाशी थोडं थांबा. बाहेरून ओली माती. आत हवेतल्या वाफेचं पाणी होतं, ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि तिथूनच पोलाद खातं. भरण्याच्या पाइपाच्या बरोबर खाली, जिथे तेल मोजायची काठी वर्षानुवर्षं आपटत राहिली, तिथला पत्रा आणखी झिजलेला असतो. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. एखाद्या ठिकाणी तो खोल जातो आणि टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडतं.

त्या छिद्रातून गळणाऱ्या थेंबाबरोबर आता खाली उतरा. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत काही तेल अडकून राहतं, बाकीचं पुढे सरकतं. चिकणमातीत रेंगाळतं, वाळूत धावतं. या भागातल्या तांबड्या शेल खडकाच्या फटींत शिरलं, तर कुठल्या बाजूला जाईल हे वरून ओळखता येत नाही. भूजल लागलं की त्यावर तरंगतं आणि पाण्याच्या उताराने शेजाऱ्याच्या हद्दीखाली जातं. मातीतले काही जिवाणू हे तेल खातात. मला याचा फार दिलासा वाटतो. पण त्यांना प्राणवायू लागतो, खोलवर तो कमी, आणि त्यांचं काम वर्षानुवर्षांचं. सगळं त्यांच्यावर सोपवून आपल्याला उठून जाता येत नाही.

श्वास एकदा पूर्ण सोडा.

आता खणणं पाहा. टाउनशिपचं परमिट आलं आहे. वरची माती बाजूला होते, टाकीची पाठ उघडी पडते. उरलेलं तेल पंपाने काढतात, टाकी कापून उघडतात, एक माणूस आत उतरून तळाचा काळा गाळ काढतो, आतला पत्रा पुसून घेतो. मग टाकी वर उचलतात, अंगाची माती खरवडून छिद्रं शोधतात. सगळ्यांचे डोळे टाकीवर असतात. तुम्ही मात्र नजर खड्ड्यात न्या. वास आला तर संशय बळावतो, पण वास आला नाही म्हणून माती स्वच्छ ठरत नाही. म्हणून तळाखालची, न हललेली माती काचेच्या बाटल्यांत भरतात, प्रत्येकीवर जागा आणि खोली लिहितात आणि बर्फात ठेवून लॅबला पाठवतात. तिथे पेट्रोलियम हायड्रोकार्बनचं प्रमाण मोजलं जातं, ते जास्त निघालं तर नॅप्थलीनसारखे घटकही तपासतात. अहवाल येईपर्यंत थांबायचं. या सगळ्या कामातला हा थांबण्याचा काळ मला फार मोलाचा वाटतो. त्या दिवसांत आपल्या अंदाजाला काही किंमत नसते.

दोष कुणाचा, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या. टाकी पुरणारा कदाचित हयातही नसेल, आणि त्या काळी ती रीतच होती. न्यू जर्सीचा 1976चा गळतीविषयीचा कायदा हेतू विचारत नाही. नीट चौकशी न करता जागा घेणाऱ्यावरही साफसफाईचा भार येऊ शकतो, आणि घराच्या विम्यात तो खर्च बहुधा बसत नाही. हे कठोर वाटेल. त्यावर जरा मन ठेवा. जमीन नावावर होते, तेव्हा तिच्या पोटातलंही नावावर होतं. ते आपण केलं नाही हे खरं, आणि आता ते निस्तरायला आपल्याखेरीज कुणी नाही हेही खरं. मी या कायद्याच्या बाजूने आहे. खालचं पाणी पिणाऱ्याला कुणाची चूक होती हे कळून काही उपयोग नसतो.

डोळे उघडा. घर घेणार असाल तर सही करण्याआधी अंगणात टाकीचा शोध घ्यायला लावा. मेटल डिटेक्टर आणि जमिनीखालचं दाखवणारं रडार घेऊन हे काम करणारी माणसं तिथे सहज मिळतात. टाकी निघाली तर छिद्र दिसो वा न दिसो, माती तपासून घ्या. गळती आढळली तर राज्याच्या पर्यावरण खात्याला लगेच कळवा, आणि सफाई झाल्यावर आणखी काही करायला नको असं त्यांचं पत्र घ्या. ते पत्र आणि लॅबचा अहवाल घराच्या कागदपत्रांत ठेवा, आणि घर विकाल तेव्हा पुढच्या माणसाच्या हातात द्या.