मसालेभातातले छोटे हात

दिवाळीच्या सुट्टीत दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मसालेभाताच्या तयारीत जरूर घ्यावं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांच्या 1982च्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले होते. जे जास्त वेळा चाखले, ते त्यांना अधिक आवडू लागले. भाजी नाकारणाऱ्या मुलाला हट्टी ठरवण्याची घाई म्हणूनच नको. धुतलेल्या फ्लॉवरचे तुरे मोडताना, कोथिंबीर खुडताना भाजीशी ओळख होते, एखादं पान सहज तोंडात जातं, आणि खरी गोम त्या चाखण्यातच आहे. फराळाच्या धांदलीत ही सांडलवंड कोण आवरणार? तक्रार रास्त आहे. म्हणून तर चकली-करंजी नको, एका पातेल्यातला भात बरा. विळी आणि गॅस मोठ्यांकडे. तांदूळ मात्र त्याला खुशाल धुऊ द्या.